मेथीच्या रंगाचं ठिगळ

गणपती बोळवून झाले, नवरात्र उठलं आणि दसऱ्याचं झेंडूचं तोरण दारावरच वाळून गेलं, की आमच्या कारखान्यात मोकळं मोकळं वाटायला लागतं. कारखाना म्हणजे गणपतीच्या मूर्तींचा, पंचवटीतल्या एका बोळात, पत्र्याच्या दोन शेडचा. उन्हाळ्यापासून तिथे पाय ठेवायला जागा नसते. मूर्ती ओलांडत, अंग चोरत चालावं लागतं. आता त्याच जमिनीवर रंगाचे सांडलेले ठिपके तेवढे उरलेले असतात आणि मी ब्रश धुऊन पायरीवर उन्हात मांडत बसते. ऑक्टोबरचं ऊन लोकांनी उगाच बदनाम केलंय. रंगवणाऱ्याला विचारा. पावसाळ्यात रंगाचा जो हात वाळायला दोन दिवस घेतो, तो या उन्हात चहा उकळेपर्यंत वाळतो.

परवा असेच ब्रश मांडले होते. टर्पेंटाइनचा वास होता, तापलेल्या पत्र्याचा होता, आणि बोळाच्या तोंडाशी भाजीची गाडी उभी होती, तिच्यावरच्या मेथीचा होता. हे तीन वास एकत्र आले की मला विमान आठवतं. कारखान्यातल्या पोरींना हे सांगितलं तर त्या एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. माझ्या हातून आजवर किती गणपतींनी डोळे उघडले याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पण तुझं सगळ्यात चांगलं काम कोणतं, असं कोणी विचारलं तर मी गणपतीचं नाव घेत नाही. देव रागावणार नाही, त्याला माहीत आहे. मी एका लढाऊ विमानाचं नाव सांगते. पंधरा इंच लांब, लाकडाचं आणि मळकट.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी सत्तावीस वर्षांची होते आणि फार तोऱ्यात होते, हे आधीच कबूल करते. सोळाव्या वर्षी मी मूर्तीला पांढरा हात मारायला लागले आणि पंचविसाव्या वर्षी डोळ्यांची आखणी माझ्याकडे आली. कारखान्यात आखणी करणाऱ्याचा मान वेगळा असतो. सगळं रंगवून झालं की शेवटी डोळे काढायचे, तेही सकाळी अंघोळ करून, कोणाशी न बोलता. मी आखणीला बसले की मालकसुद्धा रेडिओ बंद करायचे. अशा बाईच्या डोक्यात थोडी हवा गेली तर नवल नाही.

आमचं घरही त्याच बोळात, आणि समोरच्या घरात आहेर काका राहायचे. मूळचे देवळ्याचे, ऐन जवानी हवाई दलात गेलेली, पुढे निवृत्त होऊन नाशिकला स्थायिक झालेले. ते विमान उडवणारे नव्हते, विमान उडण्याजोगं ठेवणारे होते. बोळातली मंडळी त्यांची मस्करी करायची, काका टायरात हवा भरायचे म्हणायची. काका ओठ मिटून हसायचे. पण एकाहत्तरच्या लढाईचा विषय निघाला की त्यांची पाठ आपोआप ताठ व्हायची आणि घरातल्या काकू कपाळाला हात लावून आत जायच्या. त्यांना तो पाठ होता.

त्या वर्षी दसऱ्यानंतर काका एक बोचकं घेऊन आमच्या पायरीवर आले. जुन्या धोतराच्या फडक्यात विमान होतं. दोन वर्षं खपून त्यांनी ते शिवणीच्या झाडाच्या लाकडातून कोरलं होतं, खऱ्या विमानाच्या एका फुटाला अर्धा इंच या मापानं. बुटकं, आखूड पंखांचं, बसक्या चाकांचं. मला तर ते विमानाचं पिल्लूच वाटलं.

"नॅट म्हणत्यात याला," काका म्हणाले. "लहानच असतं. लढाईतलं सगळ्यात लहान इमान. बाकीच्यांना शिडी लागायची, याला नाय. मी जमिनीवर उभा राहिलो की पंख माझ्या छातीला लागायचा."

"मग रंगवा की, काका."

त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "लकडीचं काम होता होता ह्ये सुरू झालं. डॉक्टर म्हणतो वय. आता तूच बघ, बेटा."

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. डिसेंबरात नाशिकजवळच, देवळालीला, त्यांच्या जुन्या युनिटमधली मंडळी जमणार होती. हे विमान लढाईत ज्यांनी चालवलं ते साहेब पुण्याहून येणार होते. काका त्यांना हे देणार होते. पण विमानावर नंबर घालायचा नाही, चिठ्ठी लावायची नाही आणि साहेबांना आधी काही सांगायचं नाही, ही त्यांची अट होती.

"नंबराशिवाय ओळखतील कसं? सगळी नॅट सारखीच ना?"

"नंबर वाचून कोणीबी ओळखंल," काका म्हणाले. माझ्याकडे न बघता पुढे बोलले, "सव्वीस वर्षं झाली. साहेबांच्या हाताखाली किती आले, किती गेले. मी त्यांच्या ध्यानात हाय का नाय, एवढंच बघायचंय. तोंडानं विचारायला लाज वाटती."

एवढा मोठा माणूस, मिशांचा, फौजेतला, आणि लहान पोरासारखं हे बोलला. मी विमान उचललं आणि म्हणाले, "काका, असं रंगवते की साहेब बघतच राहतील."

आमच्या ह्यांना बातमी लागली. मखमलाबादच्या मळ्यातली भाजी ते गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, नेऊन विकायचे. संध्याकाळी आले, विमान बघितलं आणि म्हणाले, "गणपतीला उंदीर पुरंना म्हणून इमान आणलं का?" मी त्यांना चहा दिला नाही.

पंधरा दिवस मी त्या विमानाशिवाय दुसरं काही केलं नाही. काकांनी कागदावर वेडंवाकडं चित्र काढून दिलं होतं, त्यावर हिरवे आणि मातकट पट्टे दाखवले होते. मी लाकडाच्या रेषा बुजवल्या, पांढरा हात दिला, घासलं, पुन्हा दिला. हिरवा रंग चढवला, मातकट चढवला. दोन रंग जिथे भेटतात तिथे झिरो नंबरच्या ब्रशनं बारीक गडद रेघ ओढली, पितांबराच्या काठाला ओढतात तशी. पंखांवरची केशरी, पांढरी, हिरवी गोलं इतकी गोल काढली की बांगडी ठेवून बघितली तरी केसाइतका फरक पडला नसता. शेवटी वॉर्निशचे दोन हात दिले. विमानात तोंड दिसायला लागलं. मी ते स्वच्छ पांढऱ्या फडक्यात झाकून, मूर्ती नेतात तसं दोन्ही हातांवर घेऊन काकांकडे गेले. अर्धा बोळ मागे आला.

फडकं काढलं तसे सगळे वाहवा म्हणाले. काकूंनी तर विमानावरून बोटं मोडली. काकांनी चष्मा लावला. विमान फिरवून फिरवून बघितलं, उलटं केलं, सरळ केलं.

"लय सुंदर, बेटा," ते म्हणाले. मी फुगले. मग त्यांनी ते अलगद टेबलावर ठेवलं. "पण हे इमान कधी उडालेलंच नाय."

चारचौघांत. मला इतका राग आला की मी चप्पल न घालताच घरी आले. तीन दिवस समोरच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. पंधरा दिवसांची मेहनत आणि टायरात हवा भरणारा माणूस मला रंग शिकवतो, असं मी ह्यांच्यापाशी बोलले. ते बोललेले शब्द आज लिहितानाही मला लाज वाटते. काकांनी ते ऐकले नाहीत, एवढंच बरं.

चौथ्या दिवशी काकूच आल्या. माझी चप्पल हातात घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, तीन दिस झाले, ते इमान समोर घेऊन नुसते बसून हायेत. जेवणावर ध्यान नाय. तू ये, दोन शब्द बोल." मी गेले. काकांनी मला शेजारी बसवलं आणि एका पंखावर एक, दुसऱ्यावर एक असं बोट ठेवलं.

"दोन्ही पंख सारखेच रंगवलेस?"

"मग? एक डोळा मोठा नि एक लहान, असा गणपती चालंल का तुम्हाला?"

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "अगं, आम्ही रांगोळी काढत नव्हतो! चांदीसारखं चमकायचं आमचं इमान. लढाई जवळ आली, हुकूम आला, रंगवून टाका. हाताला येईल तो ब्रश घेतला. ह्या पंखावर मी चढलो, त्या पंखावर दुसरा. त्याचा पट्टा हिकडं गेला, माझा तिकडं. चमक तर बिलकूल नको, चमकलं की वरून दुश्मनाला दिसलं. आन रोज उडायचं ते. धूर, तेल, धूळ. बुटाचे ठसे. कोणाला पुसायला टाइम होता?"

 ज्या गोष्टी मी अकरा वर्षं टाळायला शिकले होते, त्याच त्यांना हव्या होत्या. आमच्याकडे मूर्तीवर बोटाचा ठसा उमटला तर पोरीला रडेपर्यंत बोलणी बसायची. डाग म्हणजे पाप. आणि हा माणूस मला म्हणत होता, डाग पाड.

दुसऱ्या दिवशी पायरीवर बसून मी पॉलिश पेपरनं माझंच वॉर्निश घासायला घेतलं. त्या आवाजानं माझ्याच दातांना कळ येत होती. बारीक रेघा गेल्या, बांगडीसारखी गोलं फिकी झाली. उन्हात हिरवी भुकटी उडत होती आणि मी तोंडाला पदर लावून घासत होते. रडले का? थोडी रडले. पण हात थांबवला नाही, हे मात्र अभिमानानं सांगते.

रंग मग डिस्टेंपरचा घेतला, डिंकात कालवलेला, बिनचमकीचा. आता अडलं ते हिरव्यापाशी. काकांना कुठलाच हिरवा पसंत पडेना. हा फार पोपटी, हा फार काळा. माझ्यापाशी रंगांची नावं होती, त्यांच्यापाशी नव्हती. शेवटी मी वैतागून ह्यांच्या भाजीच्या गाडीपाशी त्यांना उभं केलं आणि म्हटलं, दाखवा. काकांनी गवारीला हात लावला, भोपळ्याला लावला, सोडला. दोडक्यापाशी थांबले. दोडक्याच्या शिरेवरचा नव्हे, दोन शिरांमधल्या घळीतला हिरवा. "हा!" ते ओरडले. आमचे हे बघतच राहिले. मातकट रंग आल्याच्या सालीत सापडला. मी मखमलाबादला माळ्याच्या घरात जन्मले, माळ्याच्या घरात दिलेली. भाजीचा हिरवा मला कोणी शिकवावा लागत नाही. त्या दिवसापासून आमचं कामच तसं चालायला लागलं. समोरच्या खिडकीतून काका ओरडायचे, "शेपूकडं झुकतोय!" आणि मी पिवळा वाढवायची.

धुरासाठी देव्हाऱ्यातल्या निरांजनावर ताटली धरून काजळी जमवली. तोफेची तोंडं हवा आत घेणाऱ्या भोकांजवळ असतात, तिथे काजळी हवी होती. मी बोटानं छान गोल लावली. काकांनी बघितलं आणि कपाळाला हात मारला.

"तीट लावलीस काय? बाळ हाय का ते? इमान पुढं पळतंय, धूर मागं जाणार." त्यांनी वाकून माझ्या मनगटावर जोरात फुंकर मारली. "ह्या बाजूनं वारा."

मग मी काजळी मागे ओढली, आधी दाट, पुढे विरत गेलेली. पहिल्यांदा ते विमान टेबलावर उभं असूनही कुठून तरी आल्यासारखं दिसलं. माझ्या अंगावर काटा आला. मूर्तीला डोळे काढले की क्षणभर जे होतं तेच झालं. मला वाटायचं ते फक्त देवाच्या बाबतीत होतं.

दिवाळी झाली, थंडी पडली. सकाळी बोळात शेकोट्या पेटायला लागल्या. राहिलं होतं ते ठिगळ.

त्याची गोष्ट काकांनी मला तेव्हा पहिल्यांदा पूर्ण सांगितली. एके दिवशी साहेबांचं विमान परत आलं ते उजव्या पंखाला लिंबाएवढं भोक घेऊन. काकांनी पत्र्याचा तुकडा कापून ते बुजवलं, रिव्हेट मारले. रंगाचा डबा संपला होता. इकडच्या तिकडच्या डब्यांच्या तळाशी उरलेलं खरवडून त्यांनी ठिगळ रंगवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी ते बघितलं आणि अंगठा त्यावरून फिरवून म्हणाले, "आहेर, नव्या सदऱ्याला जुना खिसा लावलास की." पुढे रोज उडण्याआधी विमानाला फेरी मारताना साहेबांचा अंगठा त्या ठिगळावरून जायचा. एकदाही चुकला नाही. काका पंखाखाली उभे राहून तो अंगठा बघायचे आणि मग त्यांना वाटायचं, आता हे जाईल आणि येईल.

"रंग कसा होता?" मी विचारलं.

काकांनी डोळे मिटले. "सकाळची मेथी दुपारपर्यंत गाडीवर राहिली की कशी होती? पिवळी नाय पडलेली, पण हिरवीबी नाय राहिलेली."

मला लगेच समजलं. ह्यांच्याकडून एक जुडी घेतली, पायरीवर उन्हात ठेवली आणि दोन तास तिच्यासमोर बसून राहिले. पानं मान टाकतात त्याच्या थोडं आधी तो रंग येतो. तो आला तेव्हा मी शेजारी वाटीत रंग कालवून तयार होते.

ठिगळ मात्र त्या दिवशी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे उठले, थंड पाण्यानं अंघोळ केली, कोणाशी बोलले नाही. ह्यांनी काही विचारलं तर बोटानं गप्प केलं. टाचणीच्या टोकानं रिव्हेटांचे ठिपके उमटवले आणि ठिगळ भरलं, थोडं वाकडं, कडा जरा जाड, घाईत मारल्यासारखं. आखणीला लागतो त्याहून जास्त वेळ लागला. घाईत केल्यासारखं करायला फार सावकाशी लागते.

विमान समोर नेऊन ठेवलं. काकांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांची बोली एरवी नाशकात राहून पुष्कळ बदलली होती, पण त्या क्षणी देवळ्याची बाहेर आली. "आते हाई मन्हं इमान शे," ते हळूच म्हणाले. आता हे माझं विमान आहे. काकू आतून बघत होत्या, त्या दिवशी त्या कपाळाला हात लावून आत गेल्या नाहीत.

देवळालीला काकांनी मला बरोबर नेलं. मी लग्नातली साडी नेसले होते. हॉलमध्ये एका लांब टेबलावर जुने फोटो, टोप्या, मेडलं मांडली होती. त्यांच्या टोकाला काकांनी विमान ठेवलं आणि स्वतः चार पावलं मागे खांबाला टेकून उभे राहिले. मी शेजारी. त्यांचा हात इतका कापत होता की त्यांनी तो खिशात घातला.

साहेब आले. उंच, पांढऱ्या केसांचे, काठी टेकत. लोक त्यांना घेरून होते. ते टेबलाच्या कडेकडेनं बघत येत होते, फोटो बघून हसत होते, कोणाकोणाची नावं विचारत होते. विमानापाशी आले आणि बघून पुढे गेले. एक पाऊल.  काका जमिनीकडे बघत होते.

आणि साहेब मागे फिरले. काठी टेबलाला टेकवून ठेवली, विमान दोन्ही हातांत उचललं. आधी तोफेपाशी बघितलं. मग उजवा अंगठा पंखावर ठेवला आणि कडेनं सरकवत नेला. ठिगळावर थांबवला. मान वर केली नाही, कोणाकडे बघितलं नाही. नुसतं मोठ्यानं म्हणाले,

"आहेर कुठाय?"

"इथंच हाय, साहेब," काका म्हणाले. खिशातला हात त्यांनी बाहेर काढला. तो कापत होताच, पण आता त्यांना त्याची फिकीर नव्हती.

पुढचं मला नीट दिसलं नाही, माझे डोळे भरले होते. दोघे म्हातारे एका विमानाला दोन्ही बाजूंनी धरून उभे होते एवढं आठवतं.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. देवळालीनंतर शेवटपर्यंत बोळात त्यांना कोणी हवा भरणारे म्हटलं नाही, मी म्हणू दिलं नसतं. कारखाना आता मी चालवते. पोरी स्प्रे गननं रंगवतात, चमकीचे रंग आलेत, सगळं झटपट आणि गुळगुळीत होतं. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण आखणीला बसणाऱ्या पोरीला मी पहिल्या दिवशी मेथीची जुडी देते आणि उन्हात दोन तास तिच्यासमोर बसवते. का, ते पोरी विचारतात. तेव्हा मी देवळालीची गोष्ट सांगते, आणि शेवटी साहेबांनी मला काय विचारलं तेही सांगते. ते सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

काकांनी मला पुढे केलं होतं आणि म्हणाले होते, "साहेब, रंग हिचा." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, विमानाकडे बघितलं. पंखावरची काजळी, तेलाचे ओघळ, बुटांचे पुसट ठसे, ठिगळाची वाकडी कड. मग अगदी सरळपणे, मस्करी नाही काही नाही, त्यांनी विचारलं, "तुम्ही होता का हो बाई तेव्हा तिथं, आमच्या तळावर?"

"नाही साहेब," मी म्हणाले. "मी तेव्हा मखमलाबादला पाळण्यात होते."